कमीत कमी एकोणीस

रावेरात बेसबॉल म्हटलं की लोक क्रिकेटबद्दल बोलायला लागतात. त्यांचा दोष नाही. केळीच्या गाड्या भरणाऱ्या गावाला बॅट एकच ठाऊक, आणि ती चपटी. प्रेमराजलाही तीच ठाऊक होती. पण गेल्या दोन वर्षांत हा माणूस मोबाइलवर बेसबॉलचे सामने बघायला शिकला. बागेत ड्रिपचे कॉक फिरवून झाले की बांधावर बसायचा आणि परदेशातली उंच उंच माणसं बॉल कशी फेकतात ते बघत राहायचा. शेजारच्या बागेतला कौतिक त्याला चिडवायचा, की भाऊ, या वयात अमेरिकेला जायचा बेत आहे की काय. प्रेमराज हसून वेळ मारून न्यायचा. खरं कारण सांगायची सोय नव्हती. ते साऱ्या गावाला माहीत होतं आणि कुणीच ते तोंडातून काढत नव्हतं.

खरं कारण म्हणजे मयुरी. मयुरी ही प्रेमराजची धाकटी मुलगी, आणि ती त्याला मामा म्हणते.

हे असं कसं, ते आधी सांगून टाकलेलं बरं. प्रेमराजची थोरली बहीण पुष्पाबाई. तिचा नवरा जीवराम यानं धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. दुकान चाललं, वर मजला चढला, पण घरात पाळणा काही हलला नाही. दवाखाने झाले, नवस झाले. मग एका भाऊबीजेला पुष्पाबाई रावेरला आली, तिनं भावाला ओवाळलं, आणि त्यानं ताटात नोट टाकली तरी ताट खाली ठेवलं नाही. तशीच धरून बसली. दिवा विझायला आला तेव्हा त्यांची आई कुंदाबाई म्हणाली, की तुला दोन मुली आहेत, हिला एक दे. ओवाळणी मागणाऱ्या बहिणीला नाही म्हणणारा भाऊ आपल्याकडं अजून जन्माला यायचा आहे. प्रेमराज हो म्हणाला. त्याची बायको दिपमाला तेव्हा आत पुऱ्या तळत होती. तिला विचारायचं कुणाला सुचलंच नाही, आणि ज्यांना सुचलं असेल ते गप्प बसले.

मोठी मेघा घरी राहिली आणि पाळण्यातली मयुरी पिंपळनेरला गेली. निघताना पुष्पाबाईनं भावाला एकच गोष्ट बजावली, की पोरीला दोन दारं दाखवू नकोस. प्रेमराजनं शब्द दिला आणि गाढवासारखा पाळला. लग्नाकार्यात गाठ पडली तर मामा म्हणून डोक्यावर हात ठेवायचा आणि दुसऱ्या पंगतीला जाऊन बसायचा. पुढं दिपमालाला मूल झालं नाही. तिनं त्याबद्दल नवऱ्याला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं त्याला पुष्कळदा वाटे.

मयुरी शाळेत बेसबॉल खेळायला लागली, आणि पुष्पाबाईलाच काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं स्वतःहून भावाला फोन केला. अमक्या दिवशी धुळ्याला सामना आहे, बघायचा तर बघ, पण लांबून. तेव्हापासून सामना आला की तिचा कोरडा, दोन वाक्यांचा फोन येई, आणि प्रेमराज घरी ड्रिपचा फिल्टर आणायचं निमित्त सांगून निघे. दिपमालाला निमित्त कळायचं. एकदा त्यानं धीर करून तिला सोबत चल म्हटलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मामी म्हनून मले नही पाह्यता येनार. तुम्ही जा." मग त्यानं परत विचारलं नाही.

आजचा सामना जळगावला होता, धुळ्याच्या मुली विरुद्ध जळगावच्या मुली. आजचा म्हणजे शेवटचाच. दहावी झाली की मयुरी विदर्भातल्या एका क्रीडा वसतिगृहात जाणार होती. तिकडचे सामने बघायला फिल्टरचं निमित्त पुरणार नव्हतं. शिवाय आज एक वेगळी गोष्ट होती. पुष्पाबाई दर सामन्याला मांडवातल्या पुढच्या खुर्चीत बसायची, ती आज नव्हती. तिच्या सासरच्या नात्यात जळगावातच कुणी वारलं होतं, ती दारावर गेली होती. अशा घरी गेलेला माणूस चहा घेत नाही, पण बसावं तेवढं बसल्याशिवाय उठतही नाही. बाराला मी पोरीला घ्यायला येते, तोवर तू निघालेला बरा, असं तिनं फोनवर सांगून ठेवलं होतं.

प्रेमराजनं मनातल्या मनात हिशेब मांडला होता. मागचे सामने अडीच-तीन तास चालले होते. नऊला सुरू झाला तर बारा वाजेपर्यंत लेक डोळ्यांपुढं. पुष्पाबाईची पाठ नाही, तिचं मागं वळून बघणं नाही, की आपलं नजर चुकवणं नाही. तो डबा आणि पाण्याची बाटली घेऊन मैदानाच्या पलीकडच्या अंगाला निंबाखाली बसला, रात्रभराचं भजन ऐकायला बसावं तसा मांडी ठोकून. फार काही मागत नव्हता बिचारा. सामना लांबावा, एवढंच.

शेजारी हितेंद्र नावाचा एक क्रीडाशिक्षक येऊन टेकला. त्याच्या शाळेचा संघ आदल्या दिवशीच हरून घरी गेला होता, त्यामुळं त्याच्याकडं वेळ आणि तोंड दोन्ही मोकळं होतं.

धुळ्याच्या पोरींनी आधी बॅटिंग केली आणि काही न करता परतल्या. मग मयुरी बॉल घेऊन मधोमध उभी राहिली. उंची दिपमालाची, खांदे प्रेमराजचे. तिनं टोपी खाली ओढली आणि फेकला. जळगावच्या पोरीनं बॅट फिरवली, बॉल जमिनीवरून घरंगळत मधल्या खेळाडूच्या हातात गेला, तिनं तो पहिल्या बेसला फेकला, पोरगी तिथं पोचायच्या आत बाद. दुसरी आली, पहिल्याच बॉलवर तीच गत. तिसरीचा बॉल उंच उडाला आणि झेलला गेला. तीन फेकी, तीन जणी, डाव आटोपला. प्रेमराजनं अजून बाटलीचं टोपणही उघडलं नव्हतं.

"काय पोरगी आहे हो," हितेंद्र म्हणाला, आणि मग न विचारता त्यानं सगळं समजावून सांगितलं. जळगावच्या या पोरी मूळच्या क्रिकेटच्या. समोर आलेला बॉल सोडून देणं म्हणजे त्यांना पाप वाटतं. खरं तर बेसबॉलमध्ये चार वाईट बॉल सोडून दिले की फुकटात पहिला बेस मिळतो, पण एवढा दम कुणाला आहे. आणि ही धुळ्याची पोरगी नेमका मारावासा वाटेल असा पण गुडघ्याजवळ बॉल टाकते. त्या मारतात, तो जमिनीवर आपटतो आणि उचलला जातो. बॉल फेकणारे दुसरे पिचर प्रत्येकीला चकवून बाद करायला बघतात, त्यात प्रत्येकीमागं निदान तीन बॉल जातात. हिचं काम एकात.

प्रेमराजला अभिमानानं भरून आलं. खोटं कशाला बोला, पहिल्या दोन डावांत त्याला नुसता अभिमानच वाटत होता. तिसऱ्या डावात त्यानं उन्हाकडं बघितलं. दोन्ही संघांचे तीन-तीन डाव झाले होते आणि ऊन अजून निंबाच्या बुंध्यापर्यंतही आलं नव्हतं. असंच चाललं तर हा सामना बारा सोडा, अकरापर्यंतही टिकत नव्हता.

त्यानं घाबरून हितेंद्रला विचारलं, की साहेब, एका सामन्यात कमीत कमी किती बॉल टाकावे लागतात. हितेंद्र खूश झाला. असला प्रश्न त्याला त्याच्या विद्यार्थ्यांनी जन्मात विचारला नव्हता. तो म्हणाला, सोपं आहे. शाळेचा सामना सात डावांचा. एका डावात तीन जणी बाद करायच्या. प्रत्येक पोरगी एकेका बॉलात गेली तर एकवीस. याच्या खाली जाता येत नाही. मग गुपित सांगावं तसा म्हणाला, की नाही, एक वाट आहे.

ती वाट चौथ्या डावात दिसली. जळगावची एक उंच, दणकट पोरगी बॅट घेऊन आली. धुळ्याचे प्रशिक्षक पंडित सर बाजूनं ओरडत होते, की हिला बाहेरून टाक, दोन-तीन बॉल वाया जाऊ दे, हिला मारू देऊ नको. मयुरीनं नाही म्हणून मान हलवली आणि बॉल थेट टाकला. पोरीनं असा काही हाणला की तो दोरीच्या पलीकडं बाभळीत जाऊन पडला. होमरन. जळगाव एक, धुळे शून्य. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला.

आणि प्रेमराजचा जीव सुखावला. लेकीच्या बॉलवर होमरन बसला आणि बाप सुखावला. आता एक धाव झाली, अजून होतील, पोरी पळतील, सामना रेंगाळेल. स्वतःची लाज वाटली त्याला, पण वाटायचं ते वाटून गेलं होतं. पुढच्या पोरीच्या वेळी तर त्यानं मनात चक्क म्हटलं, की माय, एखादा वाकडा टाक.

मयुरीनं सरळ टाकला. बाद.

हितेंद्र मांडीवर थाप मारून म्हणाला, "हीच ती वाट, काका. धुळ्याला आता धाव नाही झाली, तर जळगावला शेवटचा डाव खेळायचं कारणच नाही. ते आधीच पुढे. म्हणजे सहा डावांचे अठरा आणि हा होमरनचा एक. एकोणीस. जगात याहून कमी नाही. पण एकोणीसात संपवायचं तर पिचरला हरावंच लागतं."

प्रेमराजला ते नीट कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यानं धुळ्याच्या पोरींसाठी देव पाण्यात घातले. एक धाव, फक्त एक. बरोबरी झाली तर सामना पुढं सरकेल. पण धुळ्याच्या पोरींच्या बॅटला त्या दिवशी बॉल लागेना. पाचवा डाव गेला, सहावा गेला. पंडित सर हातवारे करून मयुरीला काही विचारत होते. मध्येच त्यांचा आवाज या टोकापर्यंत आला, की घाई कसली आहे तुला, गाडी सुटते का तुझी. मयुरी बॉल हातात आला की टाकत होती. टोपी सावरणं नाही, श्वास घेणं नाही.

एवढी कशाची घाई, असं प्रेमराजलाही वाटलं. त्याला राग आला, खरंच राग आला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मोकळेपणानं बघायला मिळत होतं आणि ही पोरगी ते ओंजळीतून सांडून टाकत होती. अर्थात तिला काय माहीत, पलीकडं निंबाखाली कोण आणि कशासाठी बसलंय. मामा बसलाय. मामा काय, येतो आणि जातो.

सातव्या डावात धुळ्याच्या तिघी बाद झाल्या आणि सामना संपला. हितेंद्र बोटांवर हिशेब करून म्हणाला, सव्वीस बॉल, काका, सव्वीस, आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि हरली बिचारी. प्रेमराजनं मान डोलावली. डबा तसाच होता. दहा वाजून गेले होते, पण अकराला अजून वेळ होता.

तो नेहमीसारखा उठला. मुली मैदानातून बाहेर यायच्या आत निघायचं, हा त्याचा स्वतःचा नियम. बहिणीला दिलेल्या शब्दावर त्यानं चढवलेलं हे वरचं कुलूप. एकदा समोरासमोर आलो की काय बोलावं ते सुचणार नाही, आणि न सुचून भलतंच बोलून बसू, ही भीती त्याला शब्दापेक्षा मोठी होती. तो कुंपणाच्या कडेनं फाटकाकडं निघाला. उन्हाला आता चटका होता. रावेरची गाडी कुठल्या फलाटावर लागते ते आठवायचा तो प्रयत्न करत होता, कारण दुसरं काही आठवायचं नव्हतं.

"मामा."

तो थांबला. मयुरी मागून पळत आली होती. अंगावर धुळीनं माखलेला खेळाचा पोशाख, हातात तो मोठा चामडी हातमोजा. चेहरा लाल झालेला. एवढ्या जवळून त्यानं तिला पाहिलं ते कुणाच्या तरी हळदीला, दोन वर्षांपूर्वी.

"सामना सरना का तुम्ही उठीसन चालला जातस," ती म्हणाली. "दरवेळे."

तिच्या तोंडची बोली पिंपळनेरकडची. घरात दिपमाला आणि मेघा बोलतात तशी नव्हे. प्रेमराजला ते आधीही माहीत होतं, पण आत्ता ते त्याला लागलं. तो काहीतरी बोलायचं म्हणून बोलला, की हरली तरी छान खेळली, फक्त फार लवकर आटोपलं, जरा सावकाश टाकायचं.

मयुरीनं त्याच्याकडं असं बघितलं की याला एवढंही कळत नाही का.

"माय बारा वाजता येई," ती म्हणाली. "त्याना आधी सरी जावाले पाहिजे व्हतं. माले तुमनासंगे बोलानं व्हतं."

प्रेमराज तिथंच, फाटकाजवळच्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसला. सगळी सकाळ तो निंबाखाली बसून सामना लांबावा म्हणून तळमळत होता, आणि तिकडं उन्हात उभी राहून ही तोच सामना आखूड करत होती. दोघांचं मागणं एकच. एवढं एक हिंमत करून कुणी कुणाला सांगितलं असतं तर. पण सांगणार कुठल्या दारातून.

तीही कट्ट्यावर बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून. त्यानं विचारलं, की इतके सरळ बॉल टाकायला कुणी शिकवलं, पंडित सरांनी का. ती नाही म्हणाली. दुकानामागं भिंत आहे, तिथं ती फेकत असते. भिंतीवर खडूनं केलेल्या चौकोनात बसला तर बॉल परत पायाशी येतो. चुकला की थेट नाल्यात जातो, आणि मग खाली उतरून आपणच शोधून आणावा लागतो. आणून देणारं कुणी नाही. माय आणि जीवरामदादा दुकानात असतात. म्हणून चुकवायचा नाही. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती, पत्ता सांगावा तसं सांगत होती. त्या घरात तिला कशाची कमी नव्हती हे प्रेमराजला माहीत होतं. पुष्पाबाई तिला तळहातावरच्या फोडासारखी जपते, हेही माहीत होतं. पण दुकानामागची ती भिंत त्याला आजवर माहीत नव्हती. तिकडं रावेरला मेघा ओट्यावर एकटीच सागरगोटे खेळायची ते त्याला दिसलं, आणि दिपमाला दारातून तिच्याकडं बघत उभी असायची तेही दिसलं.

मयुरीनं हातमोजा मांडीवर ठेवला. तिला विचारायचं ते तिनं पुष्कळ दिवस घोकून ठेवलेलं असावं, कारण ते एका दमात बाहेर आलं.

"माले काब्र दिधं? मेघाताईले काब्र नही?"

तिला सगळं ठाऊक आहे, हे प्रेमराजला आत्ता कळलं. या प्रश्नाचं एक उत्तर घरात तयार होतं. आत्याला मूल नव्हतं, तिकडं सुखात राहशील, शिक्षण होईल. प्रेमराजनं तेच सुरू केलं. मयुरीनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. ते तिला ठाऊक होतं, मायनंच सांगितलं होतं. द्यायची होती ती का दिली, हे ती विचारत नव्हती. दोघी होत्या. मग मीच का, एवढंच तिला हवं होतं.

प्रेमराजला खोटं बोलता आलं असतं. पण हा एवढा वेळ तिनं सामना हरून मिळवलेला होता, त्यात खोटं बोलायला त्याची जीभ धजेना.

"तुही माय आधी मेघाले न्यायले आली व्हती," तो म्हणाला. "मेघा चालती-बोलती व्हती, सांभाळाले सोपी. पन तिले मांडीवर घेतलं तर ती रडली. घर डोक्यावर घेतलं. मग तुले ठेवलं मांडीवर. तू नही रडली. तिच्या कानातलं पाहत बसली."

एवढंच होतं. पंधरा वर्षं एका आयुष्याचं जे काही झालं त्याच्या बुडाशी एवढंच होतं. कुंदाबाई तेव्हा म्हणाली होती, की बघा, पोरीनंच आपलं घर निवडलं, आणि सगळे हसले होते. प्रेमराजही हसला होता.

मयुरी बराच वेळ फाटकातून जाणाऱ्या-येणाऱ्या रिक्षा बघत राहिली. मग ती म्हणाली, अगदी सरळ आवाजात, जशी एखादी चुकलेली फेक सरांना समजावून सांगावी तशी:

"माले काय मालूम, रडाले पाहिजे व्हतं."

हे बोलतानाही ती रडली नाही. प्रेमराजला मात्र आवरलं नाही. त्यानं रुमाल शोधला, तो सापडला नाही, मग टोपी काढून तोंडाशी धरली आणि केळीचा घड खांद्यावरून निसटल्यासारखा तो माणूस वाकला. फाटकाकडं धुळ्याच्या मुली येत होत्या, पंडित सर येत होते. आपली पिचर कुणाजवळ बसलीय ते बघत त्या हळूहळू पुढं येत होत्या. मयुरीनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं. मग ती उठली आणि प्रेमराजच्या पुढ्यात, त्यांच्याकडं तोंड करून उभी राहिली, तो कुणाला दिसू नये अशी.